शेल्बी डेटोना कूपे सीएसएक्स २२८७ : प्रसिद्ध मालकामुळे गाडी मोठी होते का?

चक्रधर

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांच्या लिलावाच्या बातम्या वाचताना एक गोष्ट मला बरीच वर्षे खटकत आली आहे. गाडी कोणी घडवली, ती कुठे धावली, तिच्यात नवे काय होते, हे सगळे बातमीत खाली कुठेतरी असते आणि ती कोणत्या नटाची किंवा गायकाची होती हे मात्र मथळ्यातच असते. मालक प्रसिद्ध असला की गाडीची किंमत वाढते हे बाजारापुरते खरे आहे. पण किंमत आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मला वाटते, आणि ते पटवून देण्यासाठी मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे शेल्बी डेटोना कूपे, साठच्या दशकातली बंद छपराची अमेरिकन शर्यतीची गाडी. या जातीच्या फक्त सहा गाड्या बनल्या. त्यांतली पहिली, सीएसएक्स २२८७ (हा तिच्या सांगाड्याचा क्रमांक), अमेरिकेतल्या एका अतिशय गाजलेल्या संगीत-निर्मात्याच्या मालकीची होती. तिची हकीकत सविस्तर लिहितो, मग चर्चा करू.

कॅरोल शेल्बी हे टेक्सासचे. १९५९ साली त्यांनी ॲस्टन मार्टिनमधून फ्रान्समधली ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पण हृदयविकारामुळे त्यांना लवकरच शर्यती सोडाव्या लागल्या. १९६२ मध्ये त्यांनी एसी या इंग्लिश कंपनीच्या हलक्या, उघड्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले आणि कोब्रा जन्माला आली. वळणावळणांच्या छोट्या मार्गांवर कोब्राला तोड नव्हती, पण ल मानच्या जवळजवळ सहा किलोमीटरच्या सरळ पट्ट्यावर ती हतबल होत असे. उघडी कोब्रा तिथे ताशी २५० किलोमीटरच्या आसपास अडकायची आणि फेरारीची २५० जीटीओ तिच्यापेक्षा ताशी पन्नासएक किलोमीटर जास्त वेगाने निघून जायची. इंजिनात खोट नव्हती, अडवणूक हवेची होती.

यावर उपाय काढला पीटर ब्रॉक या तरुणाने. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. नियमांनुसार मान्यता मिळालेल्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, वेगळी बॉडी चढवण्याची मुभा होती आणि ब्रॉक यांनी तिचाच फायदा घेतला. लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिस इथल्या शेल्बींच्या कारखान्यात त्यांनी उघड्या चासीवर आधी चालकाची जागा पक्की केली. चालकाच्या जागी बसले होते केन माइल्स, म्हणजे कारखान्याचे मुख्य चाचणी-चालक. त्यांच्या डोक्याच्या उंचीवरून काच आणि छप्पर ठरले आणि बाकीचा आकार त्याभोवती गुंफला गेला. लाकडाचा साचा करून त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे बेतले गेले. सगळे काम जेमतेम तीन महिन्यांत उरकले. कारखान्यातल्या अनेकांना ती गाडी कुरूप वाटत होती, आणि हवेचा अभ्यास असलेल्या एका जाणत्या माणसाने तर ती अपेक्षित वेग गाठणारच नाही असे भाकीत केले होते. १ फेब्रुवारी १९६४ रोजी माइल्स यांनी ती रिव्हरसाइडच्या मार्गावर नेली आणि पहिल्याच दिवशी तिथला फेरीचा विक्रम साडेतीन सेकंदांनी मोडला. शर्यतीच्या जगात साडेतीन सेकंद म्हणजे केवढा काळ असतो, हे ठाऊक असलेल्यांना त्या दिवशी कारखान्यात काय झाले असेल याची कल्पना करता येईल.

त्याच महिन्यात डेटोनाच्या दोन हजार किलोमीटरच्या शर्यतीत बॉब होल्बर्ट आणि डेव्ह मॅकडोनाल्ड यांनी ती आघाडीवर ठेवली होती, पण पेट्रोल भरताना आग लागली आणि शर्यत संपली. त्या शर्यतीवरूनच या गाड्यांना डेटोना हे नाव पडले. मार्चमध्ये सेब्रिंगच्या बारा तासांत याच दोघांनी जीटी गट (रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा गट) जिंकला आणि एकंदरीत चौथा क्रमांक मिळवला. जूनमध्ये ल मानला क्रिस एमन आणि योखेन नीअरपाश ती चालवत होते. गटात आघाडीवर असताना बॅटरीने दगा दिला, मेकॅनिकांनी बाहेरची बॅटरी जोडून इंजिन सुरू केले आणि नियमभंग झाला म्हणून गाडी बाद ठरली. त्याच शर्यतीत तिची धाकटी बहीण, म्हणजे डॅन गर्नी आणि बॉब बॉन्डुरंट यांची २२९९, जीटी गटात पहिली आली. पुढच्या वर्षी, १९६५ च्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फ्रान्समध्ये रॅंस इथे शेल्बींनी जीटी गटाचे जागतिक विजेतेपद निश्चित केले. तोवर ते कोणत्याही अमेरिकन संघाला मिळालेले नव्हते.

२२८७ चे शेवटचे मोठे काम बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर झाले. नोव्हेंबर १९६५ मध्ये क्रेग ब्रीडलव्ह तिथे आपल्या जेटच्या गाडीने जमिनीवरील वेगाचा विक्रम करण्यासाठी आले होते. मैदान त्यांच्या पाठीराख्या टायर कंपनीने भाड्याने घेतलेले होते आणि प्रतिस्पर्ध्यांना तिथे पाऊल ठेवू द्यायचे नव्हते. मैदान सतत वापरात राहावे म्हणून ही थकलेली कोब्रा तिथे तासन्‌तास पळवण्यात आली, आणि त्या ओघात तिने वीसहून अधिक राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय विक्रम केले.

आणि मग तिची गरज संपली. त्या काळी जुनी शर्यतीची गाडी म्हणजे कारखान्यातली अडगळ असायची. खेळण्यातल्या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या रसकिट कंपनीच्या मालकाने ती विकत घेतली आणि त्याच्याकडून ती फिल स्पेक्टर यांच्याकडे गेली. साठच्या दशकातल्या अमेरिकन पॉप संगीताला भरगच्च, दाट आवाजाचे वळण लावणारे हेच ते निर्माते. त्यांनी सुमारे ७,५०० डॉलर मोजले असे सांगतात. त्यांनी ही गाडी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर चालवली, वेगमर्यादा मोडल्याच्या इतक्या पावत्या त्यांच्या नावावर जमा झाल्या की वकिलाने गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला. एका भंगारवाल्याने ८०० डॉलर देऊ केले होते. स्पेक्टर यांच्या अंगरक्षकाने १,००० देऊ केले आणि गाडी त्याच्याकडे गेली. त्याने ती आपल्या मुलीला दिली. तिने काही वर्षे ती वापरली आणि सत्तरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका भाड्याच्या गोदामात ठेवून दिली. गाडी तिथे २००० सालापर्यंत राहिली.

जगाला वाटत होते की गाडी हरवली. संग्राहक तिचा माग काढत त्या बाईंपर्यंत पोहोचले, पण त्यांनी कोणालाही दाद दिली नाही. २००० च्या शरद ऋतूत त्यांचे निधन झाले. त्यानंतर गाडी त्यांच्या आईकडून एका विक्रेत्यामार्फत फिलाडेल्फियाचे डॉ. फ्रेडरिक सिमिओन यांनी सुमारे ४० लाख डॉलरला घेतली. मालकीवरून वाद उभा राहिला, बाईंनी गाडी आपल्याला दिली होती असे त्यांच्या एका परिचिताने सांगितले, स्पेक्टर यांनीही आपला दावा पुढे केला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि सगळे मिटल्यावर गाडी सिमिओन यांच्याकडेच राहिली.

माझे म्हणणे असे की या संपूर्ण हकीकतीत स्पेक्टर यांचा वाटा सर्वांत लहान आहे, तरी गाडीचा उल्लेख मात्र कितीतरी ठिकाणी आधी त्यांच्या नावाने होतो. आपल्याला काय वाटते?

आरेखक

चक्रधर, तुम्ही हकीकत छान मांडली आहे. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि दर वर्षी हवेच्या अवरोधाचा पाठ सुरू करताना याच गाडीचे उदाहरण देतो, म्हणून तुम्ही चटकन ओलांडलेल्या एका मुद्द्यावर थोडे थांबतो.

हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो पार करण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग २० टक्क्यांनी वाढवायचा असेल तर ताकद सुमारे ७३ टक्क्यांनी वाढवावी लागते. कोब्राचे ४.७ लिटरचे इंजिन शर्यतीसाठी तयार केल्यावर, चार वेबर कार्बुरेटरांसह, ३८० अश्वशक्तीच्या आसपास द्यायचे. उघड्या बॉडीनेच फेरारीला गाठायचे म्हटले असते तर साडेसहाशे अश्वशक्तीचे इंजिन लागले असते, आणि त्या काळी ४.७ लिटरमधून एवढी ताकद काढून ते चोवीस तास टिकवणे अशक्य होते. तीच गोष्ट ब्रॉक यांनी पत्र्याच्या आकाराने साधली. इंजिनाला हातही न लावता.

आता तिच्या शेपटीकडे पाहा. तोवरची समजूत अशी होती की हवेतून सहज सरकायचे तर शेपूट थेंबासारखे निमुळते आणि लांबलचक हवे. जर्मनीत वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले होते की छप्पर हलक्या उताराने मागे न्यावे आणि एका ठिकाणी सरळ उभे छाटून टाकावे. हवा ती अदृश्य शेपूट जणू आहेच असे समजून वाहत राहते. ब्रॉक यांनी ते जुने जर्मन संशोधन वाचले होते. डेटोनाच्या मागच्या बाजूचा तो सुरीने कापल्यासारखा सपाट भाग हे त्याचेच फळ. ज्यांना ती कुरूप वाटली त्यांचा डोळा लांब शेपटीला सरावलेला होता.

एक दुरुस्ती मात्र शर्यतीनेच शिकवली. ब्रॉक यांच्या मूळ रेखाटनात मागच्या कडेवर हवा दाबून धरणारी एक पट्टी होती, पण घाईत ती वगळली गेली. मे १९६४ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथल्या अतिवेगवान मार्गावर फिल हिल यांना गाडीचा मागचा भाग उचलला जातोय असे जाणवले आणि तिथल्या तिथे पत्र्याचा स्पॉयलर ठोकून बसवला गेला. आरेखनात जे होते ते अखेर चालकाच्या पाठीने आणि मनगटांनी पटवून दिले. विद्यार्थ्यांना हा भाग सांगताना मला नेहमी वाटते की कागद, हातोडा आणि चालक हे तिघेही एकाच छपराखाली असल्यामुळेच ही गाडी तीन महिन्यांत उभी राहिली.

आणखी एक. कूपेचे छप्पर केवळ हवेसाठी नव्हते. एसीची चासी म्हणजे दोन जाड नळ्यांची शिडी, पिळाला अगदी कमजोर. छपरासाठी उभारलेल्या बारीक नळ्यांच्या सांगाड्याने तो पीळ कमी झाला आणि गाडी वळणावरही अधिक विश्वासाने चालू लागली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे. मालक कोणीही असता तरी ही गाडी मोठीच राहिली असती.

हातोडा

मी दोघांशीही पूर्ण सहमत नाही. लिलावांचा अभ्यास हा माझा छंद आहे, आणि प्रसिद्ध मालकाला असे एका वाक्यात बाजूला सारता येत नाही असे मला वाटते.

१९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटातली हिरवी मस्टँग जीटी घ्या. ती चित्रपटाचे नायक स्टीव्ह मॅक्वीन यांची गाडी म्हणून ओळखली जाते, पण मॅक्वीन त्या गाडीचे मालक कधीच नव्हते. १९७४ मध्ये ती न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने जाहिरात वाचून घेतली, घरातली बाई ती रोज शाळेत शिकवायला जाताना वापरत असे. १९७७ मध्ये मॅक्वीन यांनी स्वतः पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबाने दिली नाही. १९८० च्या सुमारास क्लच गेल्यावर ती उभी राहिली ती थेट २०१८ मध्ये डेट्रॉइटला लोकांसमोर आली, आणि जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात शुल्कासह ३७.४ लाख डॉलरला गेली. तशा मस्टँग हजारोंनी बनल्या. यांत्रिक दृष्टीने तिच्यात असाधारण काही नाही. तिची सगळी किंमत एका माणसाच्या सावलीची आहे, आणि तरीही मी तिला खोटी म्हणणार नाही. लोकांच्या मनात गाडी राहते ती अशाच वाटांनी.

उलट उदाहरणही देतो. शेल्बींनी १९६७ च्या सुमारास ४२७ या मोठ्या इंजिनाच्या कोब्रावर दोन सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंप) चढवून सुपर स्नेक नावाचा ८०० अश्वशक्तीचा एक राक्षस स्वतःसाठी तयार केला आणि तसाच दुसरा विनोदी अभिनेते बिल कॉस्बी यांना दिला. कॉस्बी यांनी तो चालवून पाहिला, घाबरले आणि परत केला. स्वतः शेल्बींची गाडी २००७ मध्ये ५५ लाख डॉलरला विकली गेली. इथे प्रसिद्ध मालक आणि घडवणारा एकच आहे, त्यामुळे चक्रधर यांचा किंमत आणि मोल हा भेद या गाडीला लावताच येत नाही.

स्पेक्टर यांच्याबद्दल एवढेच म्हणेन की १९६६-६७ मध्ये भंगाराच्या वाटेवर असलेल्या गाडीला त्यांनी ७,५०० डॉलर दिले. त्या वेळी ते कोणी दिले नसते तर ती कुठल्यातरी स्थानिक शर्यतीत कापून-जोडून संपली असती. प्रसिद्ध माणसाकडे पैसा आणि हौस दोन्ही असतात. जुन्या वस्तू टिकण्यात त्या हौसेचा हात असतोच.

चक्रधर

हातोडा, ७,५०० डॉलरचा मुद्दा मला मान्य आहे, तो मी लक्षात घ्यायला हवा होता. पण त्याच हौशी माणसाने नंतर भंगारवाल्याला विचारले, हेही त्याच हकीकतीत आहे. ८०० आणि १,००० या आकड्यांमधल्या दोनशे डॉलरांनी ही गाडी वाचली आणि ते दोनशे डॉलर देणारा माणूस प्रसिद्ध नव्हता.

शिवाय स्पेक्टर यांच्या नावाचे आज काय झाले आहे तेही पाहा. २००३ मध्ये त्यांच्या घरी अभिनेत्री लाना क्लार्कसन यांची गोळी घालून हत्या झाली, २००९ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि जानेवारी २०२१ मध्ये शिक्षा भोगत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. ज्या नावाने एखाद्या वस्तूची किंमत वाढवायची ते नाव असेही फिरू शकते. सेब्रिंगचा निकाल मात्र १९६४ मध्ये जो लागला तोच आजही आहे.

मला यात आणखी एक गोष्ट फार लागते. सेब्रिंगला ही गाडी जिंकवणारे डेव्ह मॅकडोनाल्ड त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांत, ३० मे १९६४ रोजी, इंडियानापोलिसच्या शर्यतीत आगीत गेले. केन माइल्स १९६६ च्या ऑगस्टमध्ये रिव्हरसाइडलाच एका नव्या गाडीची चाचणी घेताना गेले, म्हणजे जिथे त्यांनी २२८७ पहिल्यांदा पळवली होती त्याच मार्गावर. गाडीचे सुकाणू ज्यांच्या हातात होते त्यांची आठवण तिच्याबरोबर आधी निघावी, असे मला वाटते ते यामुळे.

नभांगण

चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. प्रसिद्ध माणसे आणि अमेरिकन स्पोर्ट्‌स कार म्हटले की मला अंतराळवीरांच्या कॉर्व्हेट, म्हणजे शेवरोले कंपनीच्या स्पोर्ट्‌स कार, आठवतात, आणि त्यांच्याकडे पाहिले तर चक्रधर आणि हातोडा या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असे दिसते.

फ्लोरिडात केप केनेडीजवळ जिम रॅथमन यांचे शेवरोलेचे दुकान होते. रॅथमन स्वतः १९६० ची इंडियानापोलिस ५०० जिंकलेले. त्यांनी अंतराळवीरांना वर्षाला एक डॉलर भाड्याने गाड्या मिळवून देण्याची सोय केली, आणि बहुतेकांनी कॉर्व्हेट निवडल्या. अपोलो १२ या चांद्रमोहिमेच्या तिघांनी, म्हणजे पीट कॉनरॅड, डिक गॉर्डन आणि ॲलन बीन यांनी, १९६९ च्या तीन एकसारख्या सोनेरी-काळ्या कॉर्व्हेट घेतल्या. रंगसंगती ॲलेक्स ट्रेम्युलिस या नामवंत आरेखकाने सुचवली होती. प्रत्येक गाडीच्या बाजूला लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाची छोटी पट्टी होती, आणि यानात त्या माणसाचे जे पद होते त्याची आद्याक्षरे त्यावर होती.

भाड्याची मुदत संपल्यावर गाड्या परत जात आणि सामान्य गाड्यांसारख्या विकल्या जात. बीन यांची गाडी १९७१ मध्ये टेक्सासच्या एका गृहस्थांनी बंद लिफाफ्यातली बोली लावून घेतली आणि मूळ रंगासह जपली. तिघांपैकी तेवढीच आज ठाऊक आहे. इतर दोघी कुठे गेल्या ते कोणाला माहीत नाही, आणि त्यांचे मालकही चंद्रापर्यंत जाऊन आलेलेच होते. म्हणजे मालकाच्या कीर्तीने तीनपैकी दोन गाड्यांना वाचवले नाही. गाडी वाचते ती पुढच्या माणसामुळे, आणि त्या पुढच्या माणसाला आपल्या हातात काय आले आहे हे कळावे लागते. त्या गृहस्थांना ते कळले ते मात्र बीन यांच्या नावामुळेच, हे हातोडा यांच्या बाजूने नोंदवते.

फिलीकर

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि सिमिओन संग्रहालयात चार वेळा जाऊन आलो आहे. विमानतळापासून ते फार लांब नाही. बाहेरून एखादे गोदाम वाटावे अशी इमारत आहे, आत साठहून अधिक शर्यतीच्या स्पोर्ट्‌स गाड्या आहेत आणि बऱ्याच गाड्या त्यांच्या त्यांच्या शर्यतीच्या देखाव्यात मांडलेल्या आहेत. डॉ. सिमिओन हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते, २०२२ मध्ये ते गेले. गाड्या त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि त्या जपण्याबद्दल त्यांचे मत फार ठाम होते. जी गाडी तिच्या मूळ अवस्थेत पोहोचली आहे तिला नवा रंग देणे म्हणजे तिचा इतिहास खरवडून काढणे, असे ते मानत.

२२८७ समोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मनात तिचे छापील चित्र होते, चकचकीत निळी आणि पांढऱ्या पट्ट्यांची. प्रत्यक्षात ती निळाई विटलेली आहे. जागोजागी रंगाला तडे गेले आहेत, टवके उडाले आहेत. दिव्याखाली तिरके पाहिले की पत्रा सपाट नाही हे लगेच समजते, हातोडीने एकेक इंच ठोकत आणलेल्या पत्र्यावर प्रकाश थरथरत उतरतो तसा तो उतरतो. मी दोनएक तास तिथे होतो. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. ते त्या मुलाला स्पेक्टरबद्दल काही सांगत नव्हते, छपराच्या उतारावरून हवा कशी वाहते ते हवेत हात फिरवून दाखवत होते. आरेखक, तुमचा पाठ मला तिथे आठवला असता.

चक्रधर यांनी एक महत्त्वाची गोष्ट लिहिली नाही ती जोडतो. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत पहिले वाहन म्हणून हीच गाडी नोंदवली गेली. जुने पूल, गिरण्या, कारखाने यांची ज्या पद्धतीने मोजमापे, रेखाटने आणि छायाचित्रे घेऊन सरकारी नोंद होते त्याच पद्धतीने एका मोटारीची नोंद झाली, लेसरने तिचा कण न्‌ कण मोजला गेला आणि ती सारी कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवली गेली. एवढ्या मोठ्या देशातल्या लाखो गाड्यांतून पहिला मान हिला मिळाला तो ती शर्यतीत काय जिंकली, तिचा आकार कुठून आला आणि ती किती अस्सल उरली आहे यामुळे मिळाला.

जुनी_फियाट

फिलीकर यांचा विटलेल्या रंगाचा परिच्छेद मी तीनदा वाचला.

आमच्या आजोबांची १९६२ ची फियाट होती, साताऱ्याला. वडिलांनी ती हौसेने डेंटिंग-पेंटिंगला दिली. परत आली तेव्हा बॉडी आरशासारखी झाली होती, पण उजव्या दाराच्या कडेवर आजीच्या अंगठीने वर्षानुवर्षे घासून पडलेली बारीक रेघ पुट्टीच्या थराखाली कायमची गेली होती. दार उघडताना आजीचा हात नेमका तिथेच पडायचा. गॅरेजवाल्यांची चूक नव्हती, त्यांना सांगितले तेच त्यांनी नीट केले. ती रेघ राखायला हवी होती हे आम्हालाच ती गेल्यावर कळले.

म्हणून मला या हकीकतीत सर्वांत जास्त आदर वाटतो तो गोदामात गाडी ठेवणाऱ्या त्या बाईंबद्दल. त्यांनी ती विकली असती तर नव्वदच्या दशकात कोणीतरी ती नक्की नव्यासारखी करून टाकली असती, कारण तेव्हा तीच रीत होती. त्यांच्या नकारामुळे १९६५ चा रंग २००१ पर्यंत पोहोचला. कारण काहीही असो, त्यांनी तीस वर्षे नाही म्हटले.

हातोडा

जुनी_फियाट, तुमच्या लिहिण्याने मी थोडा विचारात पडलो आहे. बाजाराचा एक पुरावा मी स्वतःच विसरलो होतो. या सहांपैकी सीएसएक्स २६०१, म्हणजे रॅंसला विजेतेपद पक्के करणारी, २००९ मध्ये ७२.५ लाख डॉलरच्या बोलीला गेली. ती मंदीची ऐन वर्षे होती आणि गाडीची ओळख कोणा नटाच्या किंवा गायकाच्या नावाने नव्हती. बुलिटच्या मस्टँगला मिळाली त्याच्या जवळजवळ दुप्पट ही रक्कम आहे. म्हणजे बाजारसुद्धा पुरेसा जाणता असेल तर धावलेल्या गाडीला अधिक मानतो. मस्टँगबद्दलचे माझे मत मी बदलत नाही, पण २२८७ च्या बाबतीत स्पेक्टर यांचे नाव तळटीपेत गेले तरी माझी हरकत नाही.

आरेखक

फिलीकर, एक विनंती आहे. त्या मागच्या सपाट भागाच्या वरच्या कडेवर स्पॉयलरचा पत्रा आणि मूळ बॉडी यांच्यामधला सांधा दिसतो का? मला विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी तो जवळून हवा आहे. छापील चित्रे बहुतेक पुढून किंवा बाजूने घेतलेली असतात. आणि गाडी अजून सुरू होते का?

फिलीकर

आरेखक, इंजिन चालू स्थितीत आणलेले आहे, रंगाला आणि बॉडीला हात न लावता. संग्रहालयाचे लोक काही शनिवारी निवडक गाड्या मागच्या मोकळ्या आवारात चालवून दाखवतात. मी गेलो त्या शनिवारांपैकी एकदाही हिची पाळी नव्हती, त्यामुळे तिचा आवाज मी ऐकलेला नाही. सांधा मी आजवर नीट पाहिला नाही, कारण मागची बाजू पाहायला दोरीच्या पलीकडे वाकावे लागते. पुढच्या महिन्यात पुण्याहून आई-बाबा येत आहेत, त्यांना घेऊन जाणार आहे. बाबांनी आयुष्यभर एसटीच्या आगारात पत्र्याचे काम केले आहे, तो सांधा हाताने ठोकला आहे की यंत्राने वळवला आहे हे ते लांबूनही सांगतील. छायाचित्रे आणि त्यांचे म्हणणे दोन्ही इथे आणून ठेवतो.